नेल्सनपेक्षा तीन गुण जास्त

सोमवार, ४ नोव्हेंबर

आजपासून ही वही सुरू करतोय. मागच्या बैठकीत आमच्या एल्डनब्रिज इतिहास मंडळाच्या अध्यक्ष हिलरी ऑक्सटोबी सगळ्यांदेखत म्हणाल्या की सप्टेंबरच्या इतिवृत्तात चुका आहेत. हिलरीबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे चूक हा शब्द त्या अजूनही शाळेतल्यासारखाच उच्चारतात. मी एकोणीस वर्षं मंडळाचा सचिव आहे. जो जे बोलेल ते मी जसंच्या तसं उतरवतो. लोक आपण काय बोललो ते विसरतात आणि खापर माझ्यावर फोडतात. तेव्हा आता घरी आल्यावर सगळं इथेही लिहायचं, म्हणजे पुरावा राहील.

१२ डिसेंबरला वार्षिक सभा आहे आणि सचिवाची निवड तिथेच होते. आजवर माझ्या नावावर चर्चासुद्धा झाली नव्हती. या वेळी मात्र काहीतरी शिजतंय. रस्ते खात्यातून निवृत्त झाल्यापासून माझं म्हणावं असं हे एवढंच काम उरलंय. तेही गेलं तर मी उरलेल्या दिवसांचं काय करणार, मला खरंच ठाऊक नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

कार्यकारिणीची बैठक वाचनालयात झाली. आम्ही चौघे: हिलरी, ग्लेनिस प्रॉथरो, लेन कॉबल्ड आणि मी. लेन आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आला. ग्लेनिस मूळची वेल्सची. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढल्यामुळे कोणाचंही बोलणं मध्येच तोडायला ती कचरत नाही.

अपंगत्व असलेल्या थोर ब्रिटिश व्यक्तींचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. जागा जुन्या धान्यबाजाराचा हॉल, उद्घाटन ३ डिसेंबरला, फलक बारा. हे बारा कोण, यावर दीड तास गेला.

"नेल्सन," लेन म्हणाला. "एक हात नाही, एका डोळ्याने दिसत नाही. त्यात वाद नको."

"वाद कसा नको?" मी म्हटलं. मी अपंगत्वाच्या कायद्याचं माहितीपत्रक बरोबर नेलं होतं. "रोजची कामं करताना मोठी अडचण पाहिजे, आणि ती वर्षभर तरी टिकणारी पाहिजे. शत्रूची जहाजं बुडवणं हे काही रोजचं काम नाही. त्याला पावाला लोणी लावता येत होतं का, हा प्रश्न आहे."

"काटा आणि सुरी एकत्र केलेलं एक साधन होतं त्याच्याकडे," हिलरी म्हणाल्या. "एका हाताने जेवायला."

"मग अडचण मिटली."

"साधनं बाजूला ठेवून मोजायचं, असं तुझ्याच पत्रकात आहे," ग्लेनिस म्हणाली. "सूट फक्त चष्म्याला. दुसरं पान उघड."

दुसऱ्या पानावर तसं आहे खरं.

मग राजा आठवा हेन्री. शेवटी शेवटी त्याच्या पायाला जखमा होत्या आणि त्याला खुर्चीत बसवून नोकर उचलून न्यायचे. लेनचं म्हणणं, एवढं खाल्ल्यावर कोणालाही उचलावंच लागेल, ते मोजू नये. ग्लेनिस म्हणाली, "त्याच्या बायकांचं मत घेऊ या. ज्यांची डोकी उरली त्यांचं."

तिसऱ्या रिचर्ड राजाबद्दल दुमत झालं नाही. त्याचा सांगाडा पाचशे वर्षांनी मोटारी उभ्या करायच्या जागेखाली सापडला. "आणि पैज लावते," ग्लेनिस म्हणाली, "अपंगांसाठी राखीव जागा त्यालाही मिळाली नसणार." हिलरी खिडकीकडे तोंड करून रिचर्डच्या पाठीबद्दल काहीतरी बोलल्या. त्यातला 'बाक' हा शब्द महत्त्वाचा होता. मी नोंद केली: रिचर्डच्या फलकासमोर बाक ठेवणे.

शेवटी चित्रकार रेनल्ड्सचं नाव निघालं. ग्लेनिसने टेबलावर हात आपटला. "रेनल्ड्स हवाच. तो हिरा होता." एवढं कौतुक तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, ती म्हणाली, "आणि तूही हिरा आहेस, ऑब्री. एकदा मान्य करून टाक."

मला संकोच वाटला. "बरेच जण तसं म्हणतात," मी म्हटलं, "पण मी स्वतः कधी मिरवत नाही."

लेनला खोकला आला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सकाळी डोरीनला हे सांगितलं. आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, तिच्यापासून काही लपवावं असं मला वाटत नाही.

"ग्लेनिस तुला काय म्हणाली?"

"हिरा."

डोरीनने अंड्यांचा तवा खाली ठेवला आणि कोठीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. दाराच्या फटीतून तिचे खांदे हलताना दिसले. या वयात मत्सर. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि सांगितलं की ग्लेनिसबद्दल माझ्या मनात तसलं काही नाही. तेव्हा ती आणखीच हुंदके द्यायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "ऑब्री, आता मात्र हद्द झाली. एकदाचं सामान तपासून घे." हे ती गेलं वर्षभर म्हणतेय.

शनिवार, ९ नोव्हेंबर

तपासलं. अख्खी दुपार माळ्यावर गेली. दोन्ही सुटकेसींची कुलपं ठीक आहेत, निळ्या बॅगेचं एक चाक गेलंय. डोरीनला यादी करून दिली आणि कुठे जायचा बेत आहे ते विचारलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि यादीकडे नुसती बघत राहिली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कोण अपंग आणि कोण नाही हे मतावर सोडून चालणार नाही. मी फॉर्म तयार केलाय. बारा प्रश्न: जिना, बटणं, वाचन, शेजारच्या खोलीतून मारलेली हाक, घोळक्यातलं बोलणं, फोन, दाराची घंटा वगैरे. प्रत्येकी शून्य ते तीन गुण. राणी व्हिक्टोरिया म्हातारपणी चाकांच्या खुर्चीत होती, तिला सोळा. नेल्सनला चौदा. कुंभारकामाचे कारखाने काढणाऱ्या वेजवुडचा एक पाय कापला होता, त्याला नऊ. रेनल्ड्सला बारा.

तुलनेसाठी एक धडधाकट, सर्वसाधारण माणूस हवा होता. मी स्वतःलाच घेतलं आणि अगदी प्रामाणिकपणे फॉर्म भरला.

सतरा.

दोनदा बेरीज केली. गुडघ्याचे पाच, बाकीचे बारा. म्हणजे ट्राफल्गारला जाऊन लढाई जिंकणाऱ्या माणसापेक्षा मी तीन गुणांनी जास्त. फॉर्ममध्ये उघडच दोष होता. तो सापडलाही: ऐकण्याबद्दलचे चार प्रश्न विनाकारण घुसले होते. ते काढून टाकले. आता मला पाच, म्हणजे फॉर्म बरोबर झाला. रेनल्ड्सला शून्य.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

नवा फॉर्म बैठकीत मांडला आणि रेनल्ड्सला वगळायला सुचवलं.

"त्या माणसाने कानामागे हात धरून स्वतःचं चित्र काढलंय," ग्लेनिस म्हणाली. "जन्मभर कानाला लावायचा कर्णा घेऊन हिंडला. आणि शून्य?"

"थोडं कमी ऐकू येणं म्हणजे अपंगत्व नव्हे. वयाबरोबर ते होतंच. नाहीतर आपल्या सगळ्यांनाच भिंतीवर टांगावं लागेल."

"त्याला ते तिशीच्या आत झालं. आणि व्हिक्टोरियाला म्हातारपणाचे सोळा कसे दिलेस? राणीचं म्हातारपण वेगळं असतं का?"

मी म्हटलं की खुर्ची ही दिसणारी गोष्ट आहे. कमी ऐकू येतं म्हणणारा माणूस खरंच ऐकत नाही की लक्ष देत नाही, हे कोणी ठरवायचं? ग्लेनिसने फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. रागाने नाही. मला ते रागापेक्षा जड गेलं.

मतदान झालं. तीन विरुद्ध एक, रेनल्ड्स राहिला. मग हिलरी कागद चाळता चाळता काहीतरी म्हणाल्या, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी "अगदी बरोबर" म्हटलं. लेनकडून नंतर कळलं की रेनल्ड्सचा फलक दारातच, सर्वात पुढे लावायला मी संमती दिलीय.

उठताना खुर्च्यांचा खडखडाट चालला होता, तेव्हा ग्लेनिस ओरडून म्हणाली, "ऑब्री, हॉलला तीन पायऱ्या आहेत. भाड्याने लॅम्प आण. भक्कम आण, मागच्यासारखा लेचापेचा नको." हे मात्र तिचं शहाणपणाचं आहे. डिसेंबरात चारलाच अंधार होतो. लिहून घेतलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

नाटकवाल्यांना सामान भाड्याने देणाऱ्याकडे जाऊन लॅम्प सांगून आलो. एकाने काय होणार, सहा सांगितले. चांगले पुरुषभर उंच, लोखंडी पायांचे.

घरी आलो तर जुना फॉर्म, तो चार प्रश्नांसकटचा, डोरीनने माझ्या नावाने भरून चहाच्या किटलीला टेकवून ठेवला होता. तिने मला वीस दिलेत. सतरा तेच, आणि खाली तिच्या अक्षरात तेरावा प्रश्न: 'सांगितलेलं ऐकतो का?' तीन गुण. ज्याला त्याला प्रश्न वाढवता आले तर फॉर्मला अर्थ काय राहणार, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "तूच चार काढलेस ना?"

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आज जे पाहिलं त्याने मन उडालं. ग्लेनिसची पिशवी खाली पडली, मी कागद उचलून दिले. त्यात माझी इतिवृत्तं होती, दोन वर्षांची, आणि प्रत्येक पानावर लाल शाई. ओळीच्या ओळी खोडून वर बारीक अक्षरात दुसरंच लिहिलेलं. तिने घाईने कागद आत कोंबले.

म्हणजे सचिवपद हिला हवंय. तोंडावर हिरा म्हणायचं आणि मागून पुरावे गोळा करायचे. एवढं वाईट मला माझ्या निरोपसमारंभातही वाटलं नव्हतं.

मंगळवार, ३ डिसेंबर

हे लिहायची इच्छा नाही. पण पुराव्यासाठी वही ठेवलीय, तर आजचाही पुरावा राहायला हवा.

साडेतीनला सगळं तयार होतं. रिचर्डसमोर बाक, त्यावर गावातल्या चार बायका बसून बिस्किटं खात होत्या. हिलरींनी विचारलं, "हा बाक कशाला?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगितला होता." त्या म्हणाल्या, "मी त्याच्या पाठीला बाक होता म्हटलं होतं." तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बाहेर सहा लॅम्प तीन पायऱ्यांवर झोत टाकत होते. पायरीवरची मुंगीसुद्धा दिसली असती.

नगरपालिकेच्या बाई आल्या. त्यांच्या मागोमाग ग्लेनिस आली, निळा कोट, केस नीट बसवलेले. पायऱ्यांसमोर तिची खुर्ची थांबली. तिने लॅम्प मोजले.

"वा," ती म्हणाली. "इतक्या उजेडात न चढता येणाऱ्या पायऱ्या मी पहिल्यांदाच बघतेय."

"तूच सांगितलेस ना लॅम्प?"

"रॅम्प, ऑब्री! रॅम्प! चाकं चढवायची फळी!"

रस्त्यावरचे लोक थांबले. मी पायरीवर उभा, ती समोर खाली, आणि सगळा झोत तिच्या चेहऱ्यावर. मग ती शांतपणे, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "तू हिरा आहेस." पण या वेळी मला तिचे ओठ दिसत होते. 'हिरा'च्या आधी ते एकदा मिटले. हिरा म्हणायला ओठ मिटावे लागत नाहीत. मी तिथेच मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

बहिरा.

सगळं एकदम आठवलं. "बरेच जण तसं म्हणतात, पण मी कधी मिरवत नाही." हे मी बोललो होतो, चौघांत, छाती काढून.

लेन आणि आणखी दोघे ग्लेनिसला खुर्चीसकट उचलायला पुढे झाले. "हात लावाल तर याद राखा," ती म्हणाली. "मी आठवा हेन्री नाही." लेन थांबला, त्याने डोकं खाजवलं, आत गेला आणि रेनल्ड्सचा फलक घेऊन बाहेर आला. मग मी नेल्सनला आणलं. मग बाकावरच्या बायकांनीही एकेक राजा धरला. दहा मिनिटांत प्रदर्शन फुटपाथवर होतं. नेल्सन टपालपेटीला टेकला होता, व्हिक्टोरिया खाटकाच्या खिडकीला. लॅम्प तेवढे कामी आले. बसथांब्यावरचे लोक बस सोडून बघत उभे राहिले, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी रेनल्ड्ससमोर बराच वेळ स्वतःच्या कानामागे हात धरून पाहिला.

नगरपालिकेच्या बाईंनी हसत विचारलं, ही कल्पना कोणाची. हिलरी हसल्या नाहीत. "आमच्या सचिवांची," त्या म्हणाल्या. हे मला स्पष्ट ऐकू आलं.

बुधवार, ४ डिसेंबर

ग्लेनिसकडे गेलो. तिने दार उघडलं आणि चहा ठेवला. मी लाल शाईबद्दल विचारलं.

तिने माझ्याकडे तोंड करून सांगितलं. दोन वर्षं माझी इतिवृत्तं हिलरींकडे जायच्या आधी तिच्याकडे जातात. लेन आणून देतो. ती दुरुस्त करून पुन्हा टाइप करते आणि फायलीत लावते. सप्टेंबरमध्ये तिला ताप होता, म्हणून तेवढं एक तसंच गेलं.

"त्यात तू लिहिलं होतंस की मंडळाने चर्चच्या घड्याळाची अंत्ययात्रा काढायचं ठरवलं," ती म्हणाली.

"यंत्रणा," मी म्हटलं. मला आत्ता लक्षात आलं. "घड्याळाची यंत्रणा."

"हो. काढायची होती, दुरुस्तीला."

"पण तू हे केलंस कशाला?"

"एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांचं तुटलेलं बोलणं जोडून दिलं. हाताला सवय आहे." तिने कप खाली ठेवला. "पण आता मी थकलेय, ऑब्री. मला कोणी उचलायला आलं की मी हाकलून लावते, आणि तुला मात्र दोन वर्षं उचलून नेतेय. तुला न विचारता. ते काही बरं नाही केलं मी. सभेत तू सांग, नाहीतर मला सांगावं लागेल."

मी तिला सांगितलं की मला लाज वाटते. कशाची, ते तिने विचारलं. बहिरेपणाची की लॅम्पची? मी म्हटलं, लॅम्पची लाज तेवढी वाटत नाही. ती म्हणाली, "तेच तर."

शुक्रवार, ६ डिसेंबर

डोरीनने टेबलासमोर बसवून स्वतःचा कान धरला आणि म्हणाली, "हे. हे तपासून घे." सामान नाही, कान. तिला इतकं हसू आलं की मलाही आवरेना. मग कोठीतल्या रडण्याचाही उलगडा झाला. ९ जानेवारीची वेळ मिळाली आहे. हिलरींनी मात्र सभेच्या विषयपत्रिकेत 'सचिवपदाबाबत' असा वेगळा विषय घातलाय.

गुरुवार, १२ डिसेंबर

वार्षिक सभेला एकतीस जण आले. वाचनालय भरलं होतं, आणि भरलेल्या खोलीत मला काय ऐकू येतं ते आता मान्य करायला हरकत नाही: पाणी उकळल्यासारखा आवाज, त्यात मधूनच एखादा शब्द.

सहाव्या विषयाला हिलरी उभ्या राहिल्या. कागदात बघून त्या काहीतरी बोलल्या. बरंच. मग थांबल्या. एकतीस जणांनी माझ्याकडे पाहिलं. ग्लेनिस पुढच्याच रांगेत होती, तिने मला कसलीही खूण केली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"अगदी बरोबर" जिभेवर आलंच होतं. मान अर्धी हललीसुद्धा.

"हिलरी," मी म्हटलं, "मला ऐकू आलं नाही."

खोलीत काय झालं ते मला कळलं नाही, फक्त लोकांचे ओठ हलायचे थांबले.

"मला कमी ऐकू येतं. बरीच वर्षं. कागद खाली ठेवून, माझ्याकडे बघून पुन्हा सांगा."

हिलरींनी चष्मा काढला. मुख्याध्यापिकेला पुन्हा सांगायची सवय असते, पण पुन्हा सांगा असं ऐकायची नसते. त्या हळू आणि मोठ्याने म्हणाल्या, "मी म्हटलं, एकोणीस वर्षांच्या सेवेबद्दल मंडळ तुमचं आभारी आहे. तुम्ही आता थांबायचं ठरवलंय, असं मी धरून चालू का?"

एवढाच प्रश्न होता. मान पूर्ण हलली असती तर माझ्याच संमतीने, टाळ्यांच्या गजरात, मी घरी गेलो असतो, आणि का टाळ्या वाजल्या हे उद्या डोरीनला विचारत बसलो असतो.

"नाही," मी म्हटलं. "मी उभा आहे."

हात वर करून मतदान झालं, लेनने मोजले. बाजूने सतरा, विरुद्ध चौदा. चौदातल्या काहींनी नंतर येऊन हात मिळवला आणि इतक्या मोठ्याने बोलले की ग्रंथपालबाईंनी सगळ्यांना दटावलं. ग्लेनिस जाता जाता एवढंच म्हणाली, की तिचं मत मिळालं म्हणून फुगून जाऊ नकोस, ती लेनचा हात चुकून दोनदा मोजला गेला का ते बघणार आहे.

घरी येऊन इतिवृत्ताला बसलो. सहाव्या विषयाखाली लिहिलं: 'सचिवांना प्रश्न ऐकू आला नाही. त्यांच्या विनंतीवरून तो पुन्हा विचारण्यात आला. सचिवांनी नाही म्हटले.' एवढ्या तीन वाक्यांना मला पाऊण तास लागला.